डोंगरावरची सायकल आणि आनेकलचा रस्ता

आनेकल हे बंगळूरच्या आग्नेयेस असलेले तालुक्याचे गाव. कानडीत ‘आनेकल्लु’ म्हणजे आकाशातून पडणारी गार. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास अशा शब्दांचा मोह आवरत नाही. परंतु आजचा विषय आहे त्या गावी राहून जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणाऱ्या माझ्या भाच्याची सायकल.

जाऊन-येऊन जवळजवळ पंचवीस किलोमीटरांची ही वाट. ग्रॅनाइटच्या शिळा वाहणारे ट्रक, खड्डे आणि पावलोपावली गतिरोधक. भाच्याची सायकल ‘डोंगरी’ जातीची, म्हणजे रुंद टायरांची आणि पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग बसविलेली. प्रारंभी तिचे फार कौतुक होते. पावसाळा सरता सरता मात्र त्याचा फोन आला : ‘‘मामा, सायकल विकून टाकतो. चढावर उभा राहून पायडल मारले की पुढून खाली बसते, ब्रेक लावला की नाक खुपसते, आणि खडखडाट तर थांबतच नाही. मोटारसायकल हप्त्याने मिळते आहे.’’ ते हप्ते त्याच्या पगारात बसणारे नव्हते, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते.

असा फोर्क मुळात कोणासाठी झाला? कड्याकपारींतून वेगाने उतरणाऱ्यांसाठी. अमेरिकेत पॉल टर्नर याने १९८९ साली ‘रॉकशॉक्स’चा फोर्क पुढे आणला, आणि १९९० मध्ये दुरँगो येथील जागतिक स्पर्धेत उतरणीची शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीस तोच होता. चांगला फोर्क धक्का शोषतो आणि परत उसळताना स्वतःस आवरतोही. स्वस्त सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंगच असते. आवर घालणारी योजना नावापुरती, आणि वजन मात्र अडीच किलोच्या घरात. चिखलपाणी आत शिरले की सरकत्या नळ्या गंजतात, आतली बुशे झिजतात आणि फोर्क खुळखुळू लागतो. भाच्याच्या सायकलीचे दुखणे हेच होते. आपल्याकडे दुधाच्या किटल्या लादून जाणाऱ्या सायकलीस कधी स्प्रिंगचा फोर्क नव्हता. किंचित पुढे वळलेला साधा पोलादी फोर्क तिला वर्षानुवर्षे पुरला.

तेव्हा साधा फोर्क बसवावा असे ठरले. इथे पहिली चूक झाली, आणि ती सांगण्यासारखी आहे. त्याने दुकानातून चाकाच्या मापाचा, स्वस्त असा फोर्क आणला आणि बसवून घेतला. चाक बरोबर बसले, ब्रेकही लागला. परंतु जुन्या फोर्कची लांबी, चाकाच्या आसापासून वरच्या माथ्यापर्यंत, सुमारे सत्तेचाळीस सेंटिमीटर होती, नव्याची चाळीस. सायकलीचे तोंड सात सेंटिमीटर खाली गेले. त्यासरशी पायडलचा आसही अडीच सेंटिमीटरांच्या आसपास उतरला, हँडल नको तितके चपळ झाले आणि अंगाचा भार मनगटांवर आला. तिसऱ्या दिवशी एका वळणावर पायडल रस्त्याला घासले आणि भाचा पडला. कोपर खरचटण्यावर निभावले. मागे ट्रक असता तर काय झाले असते, हे त्याने त्याच्या आईस अद्याप सांगितलेले नाही.

स्प्रिंगचा फोर्क माणूस बसल्यावर दोनएक सेंटिमीटर दबतो. म्हणून नवा साधा फोर्क जुन्याहून तेवढाच आखूड हवा. शोध घेऊन त्याने पंचेचाळीस सेंटिमीटरांचा पोलादी फोर्क मिळविला. त्याचे वजन सव्वा किलो. सायकलीचा डिस्क ब्रेक अडकविण्याची जागा त्यावर आहे ना, आणि वरची नळी पूर्वीच्याच जाडीची आहे ना, हे आधी पाहिले. ती नळी कापण्याची मात्र घाई करू नये. वायसर घालून हँडलची उंची पुरेशी चालवून पाहावी, मग कापावी. कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.

बसविताना क्रमाला महत्त्व आहे. माथ्यावरचा स्क्रू केवळ बेअरिंगचा ढिलेपणा काढण्यापुरता असतो, हँडल धरून ठेवण्याचे काम त्याचे नव्हे. तो आधी बेताने आवळावा आणि नंतरच हँडलच्या धारकाचे बाजूचे दोन बोल्ट घट्ट करावेत. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. बेअरिंगपाशी बोट ठेवले असता ‘टक’ जाणवले तर अजून ढिले आहे. पुढचे चाक उचलल्यावर हँडल आपोआप एका बाजूस वळले नाही, तर फार आवळले गेले आहे. हे काम जमत नसल्यास मेकॅनिककडे द्यावे, पण शेजारी उभे राहावे.

‘‘मग खड्ड्यांचे काय?’’ असे भाच्याने विचारलेच. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. धक्का खाण्याचे काम तेव्हापासून टायर करीत आला आहे. भाचा दोन इंची टायरांत साठ पौंड हवा भरीत असे. चाळीसवर आणली तेव्हा मनगटांचे दुखणे पुष्कळ कमी झाले. सगळे गेले नाही. चंदापूरच्या बाजूस जाणाऱ्या खडीच्या तुकड्यावर तो आजही हँडल सैल धरून, सीटवरून किंचित उठून जातो.

काढलेला फोर्क माळ्यावर आहे. भंगारवाल्याने त्याचे जे मोल सांगितले, ते ऐकून भाच्याने तो परत उचलून आणला.