हाक सौंसरची, नोंद भोपाळची

मध्य प्रदेशातील ‘डायल १००’ ही पोलीस मदतसेवा १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘डायल ११२’ झाली. मुख्यमंत्री मोहन यादव यांनी भोपाळमध्ये नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला आणि बाराशे गाड्यांचा हा ताफा त्या दिवसाच्या बातम्यांत झळकला. या बदलाच्या तपशिलात एक रूक्ष तांत्रिक वाक्यही होते. कॉल स्वीकारण्यासाठी यापुढे पीआरआय वाहिन्यांऐवजी एसआयपी ट्रंक वापरले जाणार होते. साध्या शब्दांत सांगायचे तर मदतकेंद्राची दूरध्वनी यंत्रणा इंटरनेटच्या पद्धतीवर गेली. त्या वाक्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे. ज्यांनी ते वाचायला हवे होते, त्यांत सौंसरचे लोक पहिले.

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. नागपूरला खेटून असलेला हा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आणि घराघरांत मराठी बोलणारा. तेथून ११२ ला लावलेला फोन मात्र भोपाळच्या राज्यस्तरीय केंद्रात उचलला जातो आणि तेथील कामकाज हिंदीत चालते. संकटातला माणूस भाषा निवडून बोलत नाही. समजा, घाबरलेल्या एखाद्या बाईने सांगितले, ‘ते विहिरीत खाली आहेत.’ हिंदी कानाला ‘खाली’ म्हणजे रिकामे. कर्मचारी संगणकात टंकतो ते त्याला उमगलेले असते. ती बाई प्रत्यक्षात काय बोलली, हे केवळ ध्वनिमुद्रणात उरते. मदतीला उशीर झाला आणि चौकशी बसली, तर तिच्या बाजूने दुसरा साक्षीदार नाही. म्हणून ध्वनिमुद्रण नीट होते की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

जुन्या पीआरआय वाहिनीत एका तारेवर एकाच वेळी तीस संभाषणे चालत आणि प्रत्येकाला राखीव मार्ग असे. त्या मार्गावर ध्वनिमुद्रक जोडला की दोन्ही आवाज त्यात येत. इंटरनेट दूरध्वनीत आवाजाचे तुकडे होतात. सर्वसाधारण मांडणीत सेकंदाला पन्नास पॅकेट एका दिशेने आणि पन्नास दुसऱ्या दिशेने जातात. शिवाय कोणी कोणाला कधी फोन केला, याचे संदेश एका वाटेने आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. संदेश मुख्य सर्व्हरकडून जातात आणि आवाज मात्र त्याला वळसा घालून थेट दोन उपकरणांत वाहतो, असेही घडते. ध्वनिमुद्रक सर्व्हरपाशीच बसलेला असेल, तर नोंदवहीत कॉल दिसतो, वेळ दिसते, फाइलही तयार होते. ती उघडली की आत शांतता.

या बिघाडाची खोड अशी, की तो बोलणाऱ्यांना जाणवत नाही. फोनच बंद पडला तर पाच मिनिटांत आरडाओरडा होतो. ध्वनिमुद्रण थांबले तर संभाषण पूर्वीइतकेच स्वच्छ चालू राहते आणि महिन्याभराने पोलीस किंवा न्यायालय फाइल मागते, तेव्हा उलगडा होतो.

फाइल रिकामी आहे, एकच आवाज आहे की आवाज तुटक आहे, यावरून दोषाची जागा बरीचशी कळते. पूर्ण शांतता असेल तर आवाजाची वाट तपासावी. बहुतेक ठिकाणी नेटवर्क स्विचच्या एका पोर्टवर वाहतुकीची प्रत काढून ती ध्वनिमुद्रकाला दिली जाते. दुरुस्तीत कोणी स्विच बदलला, केबल शेजारच्या पोर्टात खोचली, की ध्वनिमुद्रक बहिरा होतो आणि त्याची तक्रार कुठेच उमटत नाही. एकच बाजू ऐकू येत असेल तर प्रत एकाच दिशेची निघत असण्याचा संभव मोठा. तुटक आवाजाचे कारण सहसा त्या पोर्टवरील गर्दी असते. आवाज कूटबद्ध असून ध्वनिमुद्रकाकडे किल्ली नसेल, तर फाइलमध्ये निव्वळ खरखर मिळते. घड्याळांकडे तर कोणीच पाहत नाही. ध्वनिमुद्रक आणि कॉलनोंदीचा सर्व्हर यांच्यात चार मिनिटांचा फरक पडला, तर योग्य आवाज चुकीच्या कॉलला चिकटतो, आणि मदत कधी मागितली हाच जिथे वाद असतो, तिथे तो फरक घातक ठरतो.

कायद्याने आवाजाच्या पुराव्याला मान दिला, तोही मुंबईच्या एका खटल्यात. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषणाची टेप ग्राह्य धरली. आवाज ओळखता यावा आणि टेपमध्ये खाडाखोड नसावी, या अटी घातल्या. जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्यात फाइलच्या हॅश मूल्याची भर घातली. हॅशमुळे फाइल नंतर बदलली गेली नाही, एवढे सिद्ध होते. ध्वनिमुद्रकाने मुळात सारे ऐकले होते का, हे त्यातून कळत नाही. अर्धवट फाइलचा हॅशही निर्दोषच निघतो.

सीमेवर आणखी एक गुंता आहे. फोन कोणत्या टॉवरने पकडला, यावर ११२ चा कॉल कोणत्या केंद्रात जाणार हे ठरते. सौंसरच्या बाजूचा फोन सावनेरकडच्या टॉवरने पकडला, तर तो महाराष्ट्राच्या केंद्रात पोचू शकतो. तिथून तो वळवला गेला तर ध्वनिमुद्रणाचे दोन तुकडे दोन राज्यांत राहतात आणि त्यांना जोडणारा समान क्रमांक असेलच, याची शाश्वती नसते.

गोव्याला ही गोष्ट परकी वाटू नये. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र परिमंडळातच मोडतो. पत्रादेवी आणि दोडामार्गच्या आसपास मोबाइल कोणत्या बाजूचा टॉवर पकडेल, हे तिथल्या रहिवाशांनाही सांगता येत नाही. कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा भाषांतून येथेही मदत मागितली जाते. अशा सेवांच्या करारांत कॉल किती सेकंदांत उचलला, गाडी किती मिनिटांत पोचली, यांवर भर असतो. काल किती कॉल उचलले आणि त्यांपैकी कितींचे दोन्ही आवाज ऐकू येणारे ध्वनिमुद्रण मिळाले, या दोन आकड्यांची रोजची जुळणीही करारात असावी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. दर पाळीत एक चाचणी कॉल करून तो लगेच ऐकायला पाच मिनिटे पुरतात. सौंसरच्या बाबतीत तो कॉल मराठीत असावा. विधानसभेच्या पुढील अधिवेशनात आपल्या ११२ आणि १०८ बाबत हेच दोन आकडे एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्नाद्वारे मागायला हरकत नाही.