अपेक्षाभंग असाही!

'अपेक्षाभंग' हा शब्द आपण नेहमी खेदाने उच्चारतो. ज्याच्याकडून पुष्कळ मिळेल असे वाटले होते, त्याच्याकडून थोडेच मिळाले, की आपण त्यास अपेक्षाभंग म्हणतो. परंतु ज्याच्या हातून काही होणार नाही असे जगाने गृहीत धरले होते, त्याने ते करून दाखविले, तर तोही अपेक्षाभंगच होय. तेथे मान खाली घालण्याची पाळी मात्र अपेक्षा ठरविणाऱ्यावर येते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या दुसऱ्या प्रकाराविषयी लिहावयाचे आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतो ते बास्केटबॉलच्या मैदानावरचे.

अमेरिकेत १९६५-६६ चा महाविद्यालयीन हंगाम सुरू झाला, तेव्हा मेक्सिकोच्या सीमेलगतच्या एल पासो शहरातील टेक्सास वेस्टर्न कॉलेजचे नाव नामांकित संघांच्या यादीत नव्हते. डॉन हॅस्किन्स हे त्या संघाचे गोरे प्रशिक्षक. लहान गावांतील शाळांचे संघ घडवून ते येथवर आले होते. संघातील सात खेळाडू कृष्णवर्णीय होते. न्यूयॉर्क, डेट्रॉइट, गॅरी, ह्यूस्टन अशा शहरांतून ते आले होते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ साली लागला होता. तथापि दक्षिणेतील अनेक विद्यापीठांच्या संघांत अजून एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. इतरत्र प्रवेश असला, तरी एकाच वेळी किती जणांना मैदानात उतरवावे याची एक अलिखित मर्यादा पाळली जात असे.

अशा काळात या संघाने ओळीने तेवीस सामने जिंकले. बाद फेरी तोंडावर आली असताना सिअ‍ॅटलकडून मात्र तो ७४-७२ असा हरला. 'यांची धाव येथवरच' असे म्हणण्यास कोणालाही एवढे निमित्त पुरेसे होते. बाद फेरीतील वाटही सोपी नव्हती. सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला आणि विजय मिळाला तो ७८-७६ असा. कॅन्ससविरुद्ध दोनदा जादा वेळ द्यावा लागला. पहिल्या जादा वेळेच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाइटने मारलेला चेंडू बास्केटमध्ये पडला होता. पण त्याचा पाय सीमारेषेवर होता, म्हणून तो बाद ठरला. शेवटी ८१-८० असा, अवघ्या एका गुणाने निकाल लागला.

१९ मार्च १९६६ रोजी मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथे अंतिम सामना झाला. समोर अव्वल क्रमांकाचा केंटकीचा संघ होता. त्याचे सर्व खेळाडू गोरे आणि प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप हे चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविलेले. हॅस्किन्स यांनी सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरविले, आणि संपूर्ण सामन्यात ते सात जणच आळीपाळीने खेळले. टेक्सास वेस्टर्न ७२-६५ असा जिंकला.

या विजयाचा माझ्या मते खरा अर्थ गुणफलकाच्या तपशिलात आहे. कृष्णवर्णीय खेळाडू धावण्यात, उडी मारण्यात तरबेज. पण संयम, शिस्त, डावपेच हे त्यांचे काम नव्हे, असा त्या काळचा पक्का समज होता. प्रत्यक्षात खेळाच्या ओघात बास्केट अधिक केले ते केंटकीने: २७ विरुद्ध २२. टेक्सास वेस्टर्नने सामना जिंकला तो फ्री थ्रोवर. ३४ पैकी २८ त्यांनी साधले. फ्री थ्रोच्या रेषेवर खेळाडू एकटा असतो. सारे सभागृह त्याच्याकडे पाहत असते आणि तेथे कामी येतो तो केवळ सराव व स्थिर मन. ज्या गुणांचा यांच्यात अभाव असल्याचे सांगितले जात होते, त्याच गुणांवर त्यांनी सामना जिंकला.

आपण फक्त आपले उत्तम खेळाडू उतरविले, असे हॅस्किन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मग यात वर्णाचा प्रश्न कशाला आणावा, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे की, गुणवत्ता सरळपणे मोजणे हीच जेथे असामान्य गोष्ट ठरते, तेथे वर्णाचा प्रश्न आधीपासूनच उभा असतो. एका विजयाने तो सुटतही नाही. केंटकीच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला तो १९७०-७१ च्या हंगामात.

आपल्यालाही हे अनोळखी नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांच्या घरात आले १९२३ साली, त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे.

म्हणून माझे मत असे आहे की, अपेक्षा हे क्षमतेचे माप नव्हे. आजवर कोणाला संधी मिळाली, याची ती केवळ नोंद असते. ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांचे नाव त्या नोंदीत सापडणार कसे? हे आम्हा शिक्षकांना विशेष लागू आहे. परीक्षा जवळ आली की 'हा पास झाला तरी पुष्कळ' असे आम्ही सहज बोलून जातो. ते वाक्य वर्गाच्या भिंतीपलीकडे मुलाच्या कानी पडते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे तेथेच राहते. नोंदवहीत गुण लिहावेत. भविष्य लिहू नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या कोणी तुम्हांस 'अपेक्षेपेक्षा चांगले केलेस' असे म्हणाले, तर त्यांचे आभार अवश्य माना. मात्र ती अपेक्षा कोणी ठरविली होती आणि कशाच्या आधारावर, हे विचारावयास विसरू नका.