कर्जाला वारस सापडतो, ठेवीला का सापडत नाही?



बाप गेला की वर्ष फिरायच्या आत सोसायटीची नोटीस मुलाच्या दारात येते. पत्ता चुकत नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद झाली की बोजाही त्याच्या मागोमाग येऊन बसतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की साहेबाला ज्वारीचे खळे कोणत्या धुऱ्याला आहे तेही ठाऊक असते. पण त्याच बापाने कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढलेले चार हजार बँकेत पडून असले, तर तीच बँक म्हणते, "खातेदाराचा ठावठिकाणा लागत नाही."

असा ठावठिकाणा न लागलेल्या ठेवींचे ७८,२१३ कोटी रुपये मार्च २०२४ अखेर रिझर्व्ह बँकेच्या निधीत होते. सरकारी भाषेत या बेवारस ठेवी. हा शब्दच आम्हाला मान्य नाही. वारस जिवंत आहे, त्याच शिवारात कापूस वेचतो आहे. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.

हे घडते कसे? दोन वर्षे खात्यावर आपण काही घेणे-देणे केले नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी मागणी केली नाही की रक्कम 'ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी'त जाते. हा निधी २०१४ सालचा. नाव पाहा! पैसा आमचा, आणि शिकवायचेही आम्हालाच.

मग शाखेतला बाबू सांगतो, "पैसे रिझर्व्ह बँकेत गेले, आता काही होत नाही." ही शुद्ध थाप आहे. दहा वर्षांनीच काय, वीस वर्षांनीही हक्क मरत नाही. अर्ज आपल्या शाखेतच करायचा. शाखेने आधी आपले पैसे द्यायचे आणि मग निधीतून मागून घ्यायचे. ठेव व्याजाची असेल तर निधीत गेल्यानंतरचेही व्याज मिळते. ११ मे २०२१ पासून त्याचा दर ठरला ३ टक्के. थकलेल्या पीककर्जावर बँक काय दर लावते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करायला बँकेने पैसे घ्यायचे नाहीत आणि शिल्लक कमी म्हणून दंड कापायचा नाही, हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. कोणी कापले तर लेखी मागा.

शोध घ्यायला ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची संगणकीय सोय निघाली. मार्च २०२४ पर्यंत तिच्यावर ३० बँका होत्या. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला ती बरी. आपल्या आज्याचे नाव बँकेच्या वहीत एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे. मशीन काय शोधणार? पोस्टातल्या पैशासाठी तर पोस्टाचीच पायरी चढावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'आपकी पूंजी, आपका अधिकार' अशी तीन महिन्यांची मोहीम काढली, जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरे ठेवली. नेमकी सीतादहीपासून वेचणीच्या भरापर्यंत! बोंडे फुटलेली असताना कोण तालुका सोडून जातो?

पोस्टाचा कागद जास्त जपा. अल्पबचतीचा इष्टांक पुरा करायला गावोगाव पत्रे खपवली गेली. १९८८ साली आलेले किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दामदुप्पट म्हणून घरोघरी गेले. त्याआधी १९८६ चे इंदिरा विकास पत्र. त्यावर नावच नसे, ज्याच्या हाती कागद त्याचा पैसा. जुन्या पेटीत, पोथीच्या घडीत ते सापडले तर रद्दीत घालू नका. पोस्टाच्या पडून राहिलेल्या रकमा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तिथे २५ वर्षे कोणी मागितल्या नाहीत तर त्या सरकारच्या होतात. म्हणजे इथे घाई आहे. (एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यातून कापलेल्या पैशाचा हिशेब हा वेगळा विषय. त्यावर पुन्हा लिहू.)

वारसांना कोर्टाच्या दाखल्याची भीती घालतात. सप्टेंबर २०२५ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशात सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत, वारसांत वाद नसेल तर, साधी पद्धत ठेवली आहे. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे.

आमची मागणी साधी आहे. वारसाचा फेरफार कर्जाला चालतो, तो ठेवीलाही चालवा. तलाठ्याकडून, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे त्याच्याकडून, मयत खातेदारांची माहिती घ्या, आपल्या वह्यांशी ताडून पाहा आणि गावनिहाय यादी ग्रामसभेत वाचा. वसुलीची यादी चावडीवर लावता येते, तर देण्याची का नाही?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना घरातली जुनी पासबुके, ठेवपावत्या आणि पोस्टाची पत्रे यांच्या झेरॉक्स, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा फेरफार घेऊन या. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, आमच्याही नाही. अर्ज तिथेच लिहून होतील आणि दुसऱ्या दिवशी गटाने शाखेत जाऊन पोच घेऊ. टक्केवारीवर पैसे काढून देतो म्हणणारा कोणी गावात फिरत असेल, तर त्याचे नाव घेऊन या.