दंतवैद्याची नोंदवही आणि लोकारोग्य

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. तिचा उत्तरार्ध म्हातारपणासाठीच आहे असे समजून आपण हसतो. परंतु तो प्रसंग बारा-तेरा वर्षांच्या मुलावरही येऊ शकतो, हे आम्ही आमच्याच वर्गात पाहिले. गतवर्षी सहामाही परीक्षेच्या दिवशी आमचा एक वर्गबंधू गालाला हात लावून बसला होता. गणिताचा पेपर त्याने अर्धाच सोडविला. पुढे कळले की, त्याच्या दाढेला कीड लागल्याची नोंद दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य-तपासणीत झाली होती. कार्ड भरले गेले, कपाटात गेले आणि तेथेच राहिले. याचा दोष कोणा एका व्यक्तीस द्यावा असे आम्हांस वाटत नाही. नोंद झाली म्हणजे काम पुरे झाले, ही आपणा सर्वांचीच समजूत या दुखण्याच्या मुळाशी आहे.

दंतवैद्य रोज कितीतरी लिहितो: रोग्याचे वय, कोणता दात किडला, कोणता भरला, कोणता काढला. १९३८ साली अमेरिकेतील हेगर्सटाउन येथील शाळकरी मुलांच्या पाहणीत क्लाइन, पामर व नट्सन यांनी किडलेले, पडलेले आणि भरलेले दात मोजून त्यांची एकच बेरीज मांडण्याची पद्धत घातली. ती आजही जगभर वापरली जाते. एका मुलाच्या बेरजेवरून त्या मुलापुरतेच कळते. पण गावातील सर्व मुलांच्या बेरजा एकत्र केल्या की गावाचे पाणी, खाणे आणि सवयी बोलू लागतात.

याचे उत्तम उदाहरण फ्रेडरिक मॅके यांचे आहे. १९०१ साली हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गेला, तेव्हा तेथील अनेकांच्या दातांवर त्यास तपकिरी डाग आढळले. एक-दोन रोगी पाहून त्याने विषय सोडला नाही. वर्षानुवर्षे निरीक्षणे जमविली. डागाळलेले दात कमी किडतात, हेही त्याच्या ध्यानात आले. १९३१ साली या डागांचे कारण पाण्यातील फ्लोराइड असल्याचे सिद्ध झाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावच्या मुलांचे दात व पाणी तपासून योग्य प्रमाण शोधले. १९४५ च्या जानेवारीत ग्रँड रॅपिड्स या शहराने आपल्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांमधील दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटला.

मात्र तोच उपाय डोळे मिटून सर्वत्र चालणार नाही. आमच्या हैदराबादेपासून सुमारे १०० किलोमीटरवर नलगोंडा आहे. त्या भागातील भूजलात फ्लोराइड अतोनात असल्याने लोकांचे दात डागाळले, इतकेच नव्हे तर अनेकांची हाडेही वाकली. तुरटी व चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची, नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली रीत ‘नलगोंडा पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. एका ठिकाणी औषध, दुसऱ्या ठिकाणी विष! म्हणूनच प्रत्येक गावाची मोजणी स्वतंत्र हवी. कायमचे दात बालपणीच घडतात; त्यामुळे मुलांच्या दातांवरील डाग ही दूषित विहिरीची पहिली सूचना ठरू शकते.

नोंदी चालू ठेवल्याने उपायाची परीक्षाही होते. स्कॉटलंडमध्ये शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांचे दात नियमित तपासले जातात. दंतक्षयाचे ठळक चिन्ह नसलेली मुले २००३ साली ४५ टक्के होती, ती २०२२ साली ७३ टक्के झाली. बालवाडीतच मुलांकडून रोज दात घासून घेण्याच्या उपक्रमाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. आकडे नसते, तर तो उपक्रम चालू ठेवावा की बंद करावा, हे कोणी कशावरून ठरविले असते?

यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. रोग्याचे गुपित चव्हाट्यावर येऊ नये; म्हणून नाव व पत्ता वगळूनच आकडे एकत्र करावेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशाने २०२३ साली कायदाही केला आहे. दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. दवाखान्याची पायरी ज्यास चढताच येत नाही, त्याचा दात कोणत्या वहीत येणार? केवळ दवाखान्यांचे आकडे घेतले तर गरिबाचे दुखणे अदृश्यच राहील. तेव्हा शाळांतील तपासणीची जोड त्यास हवीच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांच्या विकारांचाही समावेश आहे. म्हणजे तपासणीची वाट तयार आहे, उणीव आहे ती नोंदी जोडण्याची.

आरंभ आम्ही आमच्यापासून करू इच्छितो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नसल्याने पालक तिलाही दुधाची समजतात व तिची हेळसांड होते. आमच्या शाळेतील कार्डे कपाटातून काढून, प्रत्येक इयत्तेत अशा किती दाढा किडल्या आहेत, एवढेच नावांविना मोजावे आणि तो आकडा पालकसभेत वाचून दाखवावा. ज्यांच्या कार्डावर कीड नोंदलेली आहे, त्यांच्या घरी मात्र चिठ्ठी त्याच आठवड्यात जावी. पुढील वर्षी पुन्हा मोजावे. आकडा उतरला तर आनंदच आहे. न उतरल्यास आपले कोठे चुकते, ते तरी कळेल. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण पैशाविषयी शिकलो. नोंदींविषयीही ते तितकेच खरे आहे. आमच्या त्या वर्गबंधूची दाढ अखेर काढावी लागली. त्याच्या धाकट्या बहिणीची वाचावी, एवढीच आमची मागणी आहे.