राघोजींचे पंढरपूर

२ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी झाली. या स्मृतिदिनी त्यांच्या देवगावात नावाचा जयघोष होईल, बंडाच्या कथा सांगितल्या जातील. त्या कथांमध्ये एका गावाचा उल्लेख मात्र नेहमी घाईत उरकतो. जानेवारी १८४८ मध्ये राघोजी सापडले ते आपल्या रानात नव्हे, पंढरपुरात.

इंग्रजी अंमल आला आणि डोंगरातल्या महादेव कोळ्यांची गडांवरची चाकरी गेली, हक्क गेले. जमिनी सावकारांच्या वह्यांत अडकल्या. त्यातून राघोजींचे १८४४-४५ चे बंड पेटले. ते मोडल्यावर साथीदार पांगले, डोक्यावर इनाम लागले आणि राघोजी गोसाव्याच्या वेषात फिरत राहिले. सरकारी कागदांना तो वेष म्हणजे लपण्याची युक्ती वाटली. आमची माणसे सांगतात, ते विठ्ठलाचे भक्त होते. आम्हांला दोन्ही खरे वाटते. लपायचेच तर कुमशेत-घाटघरच्या दऱ्या काय कमी होत्या? जिथे हजार डोळे असतात अशा क्षेत्री जाणारा माणूस केवळ जीव वाचवायला जात नाही. देवाचे बोलावणे त्याला जिवाच्या भीतीपेक्षा मोठे वाटत असते.

राघोजींनी केले ते सगळेच आम्ही देवाच्या नावावर मांडणार नाही. सावकारांना दिलेल्या काही शिक्षा क्रूर होत्या, आणि श्रद्धेने क्रौर्य धुऊन निघत नाही. पण नाडलेल्या माणसाची बाजू घेणे आणि पंढरीची ओढ जपणे या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगळ्या नव्हत्या, हे विसरून त्यांचे स्मरण पुरे होत नाही.

पंढरीच्या त्याच ओढीने आणखी महिनाभराने आपल्या तालुक्यातल्या दिंड्यांची तयारी सुरू होईल. भाताचे रोप टाकलेले, पावसाचा भरवसा नाही, आवणीला माणूस मिळेल की नाही ठाऊक नाही. तरी वारकरी निघतो. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारीच थांबली. माउली आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, आणि ज्यांची वारी कधी चुकली नव्हती ते घरी बसून हरिपाठ म्हणत राहिले. त्या वर्षी घरी थांबणे हाच नेम होता, आणि तो चालण्यापेक्षा कठीण होता.

वारीच्या नेमाला आणखी एक काम जोडावे, अशी आमची दिंडीप्रमुखांना विनंती आहे. बेकायदा सावकारी अजून संपलेली नाही. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते, बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी अर्जही करता येतो. अनेक शेतकरी भीतीने तिथवर जात नाहीत. गावातल्या चार माळकऱ्यांनी अशा माणसासोबत त्या कार्यालयात जावे. सावकाराचा रोष ओढवेल, काही घरांत बोलणे बंद होईल. तरीही जावे, आणि प्रस्थानाच्या आधी जावे.