कठीण भाषा कोणती, हे कोणाच्या मापाने ठरवायचे?

जगात शिकायला सर्वांत कठीण भाषा कोणती, असा प्रश्न निघाला की चिनी, जपानी, कोरियन आणि अरबी ही चार नावे ठरलेली असतात. महाविद्यालयातील मुलेही ती बिनदिक्कत सांगतात. पण ही नावे आली कुठून, हे फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची 'फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट' ही संस्था परदेशी जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कोणती भाषा शिकायला किती वेळ लागतो, याचा हिशोब तिने वर्षानुवर्षांच्या अनुभवावरून मांडला आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन यांना २४ ते ३० आठवडे, म्हणजे वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात. जर्मनला ३६ आठवडे लागतात. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, रशियन यांना ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास लागतात. आणि वरच्या चार भाषांना ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास लागतात.

या हिशोबाला कारणे आहेत. चिनी भाषेत एकच अक्षरसमूह चार वेगवेगळ्या सुरांत उच्चारला तर चार वेगळे अर्थ होतात. तिला वर्णमाला नाही, आणि वर्तमानपत्र वाचायचे तर दोन-तीन हजार चिन्हे पाठ असावी लागतात. जपानी लिहिताना दोन अक्षरमाला आणि चिनी चिन्हे एकाच ओळीत येतात. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, शिवाय ग्रंथातली अरबी वेगळी आणि बाजारातली वेगळी. कोरियनची लिपी सोपी आहे, पण समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापद बदलते.

तेव्हा ही यादी खोटी नाही. परंतु ती इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची यादी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. पुण्याहून सोलापूर लांब आहे, म्हणून अक्कलकोटच्या माणसालाही ते लांब आहे असे कोणी म्हणत नाही. भाषेचेही तसेच. अंतर आपण कुठे उभे आहोत त्यावरून मोजायचे असते. आपण मात्र इंग्रजाच्या दारात उभे राहून जग मोजतो आणि आपल्या मुलांना सांगतो, "जपानी? ती तुला जमायची नाही."

प्रत्यक्षात काय आहे? 'मी भाकरी खातो' या मराठी वाक्यात आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते. जपानी आणि कोरियन वाक्याची मांडणी हीच आहे. आपण 'सोलापूरला', 'सोलापूरहून' म्हणतो, म्हणजे प्रत्यय नावाच्या मागे लावतो. जपानी माणूसही 'तोक्यो नि', 'तोक्यो कारा' असेच म्हणतो. इंग्रजाला हे सगळे उलटे वाटते, कारण त्याच्या भाषेत क्रियापद मध्ये आणि शब्दयोगी पुढे. मराठी मुलाला त्यात उलटे काहीच नाही. बोलताना मान राखून क्रियापद बदलणे हेही त्याला घरातूनच ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. जपानी अक्षरमाला आज ज्या क्रमाने शिकवतात, तो क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्खूंनी सिद्धम् लिपीचा आणि भारतीय वर्णमालेचा जो अभ्यास चीनमार्गे जपानात नेला, त्यातून तो आला. धम्म ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने आपली बाराखडीही गेली. त्या देशाची भाषा आपल्याला परकी कशी म्हणायची? चिनी चिन्हे पाठ करण्याचा त्रास आपल्यालाही आहे, सुरांचाही आहे. तो खुद्द चिनी मुलांनाही चिन्हांच्या बाबतीत चुकलेला नाही. पण अरबी लिपी सोलापुरातल्या उर्दू शाळेतले मूल आधीच वाचते. तेव्हा इंग्रजाच्या चार 'अशक्य' भाषांपैकी निदान तीन आपल्या शहरातल्या कोणा ना कोणासाठी बऱ्याच जवळच्या आहेत.

आता हेच माप उलटे धरू. इंग्रजी माणसाला हिंदी शिकायला ११०० तास लागतात. मराठी ही हिंदीची शेजारीण आहे आणि दोन गावांमधले अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. म्हणजे मराठी मुलाला इंग्रजी शिकायलाही साधारण तेवढेच कष्ट पडणार. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. त्याआधीची पिढी पाचवीपासून शिकली. समजा रोज ३५ मिनिटांचा एक तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर पाचवी ते दहावी या सहा वर्षांत ७०० तास होतात. वर्गात साठ मुले. घरी विचारायला कोणी नाही, कारण आई विडी वळते आणि बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो. तिकडे अमेरिकेचा अधिकारी आठवड्याला २५ तास, मोजक्या माणसांच्या वर्गात, पूर्ण पगार घेऊन शिकतो आणि त्याला ११०० तास लागले तरी त्याला कोणी 'ढ' म्हणत नाही. आपल्या मुलाला ७०० तासांत इंग्रजी आली नाही की त्याच्या बुद्धीवर, त्याच्या वस्तीवर आणि शेवटी त्याच्या आरक्षणावर बोट ठेवले जाते. हा साधा हिशोब 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

भाषा मुळातच अशक्य असते, या समजाला उत्तर द्यायचे तर सोलापूरकरांनी लांब जाण्याची गरज नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. जाताना त्यांना चिनी येत नव्हती. ज्या भाषेला अमेरिकन अधिकारी २२०० तास देतो, ती या तरुण डॉक्टरने रणभूमीवरच्या दवाखान्यात, जखमींच्या खाटांमध्ये फिरत शिकली. नुसती बोलायला नव्हे, तर लिहा-वाचायला आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना तिच्यातून शिकवायलाही. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यात काही दैवी शक्ती होती असे नाही. त्यांना शिकण्याचे कारण होते, आणि शिकवणारी माणसे भोवती होती. कारण आणि शिकवणारा, या दोन गोष्टी मिळाल्या की भाषा येते.

आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतल्या गेल्या. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत कठीण होती म्हणून ती बाबासाहेबांना आली नाही, असे झाले नाही. दार बंद होते. पुढे ती त्यांनी स्वतःच्या बळावर शिकली, जर्मन शिकले, १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, आणि पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांवर काम केले. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले.

भाषा कठीण असते त्यापेक्षा ती कठीण ठेवली जाते. कोरियाचा राजा सेजोंग याने पंधराव्या शतकात सामान्य माणसाला वाचता यावे म्हणून नवी सोपी लिपी तयार करवली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. विरोध कोणी केला? दरबारातल्या विद्वानांनी. चिनी चिन्हे पाठ करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना शेतकऱ्याने चार दिवसांत वाचायला शिकणे परवडणारे नव्हते. तथागतांपुढेही हाच प्रश्न आला होता. बुद्धवचन छंदस् भाषेत घालावे, असे ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी सुचवले, तेव्हा भगवंतांनी नकार दिला आणि लोकांनी ते आपापल्या भाषेत शिकावे अशी अनुज्ञा दिली, असे विनयपिटकात आले आहे. सावित्रीबाईंनी आपल्या कवितांतून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, त्यामागेही हेच होते. जी भाषा आपल्याला नाकारलेली नाही ती आधी काबीज करा.

मग इंग्रजी माणसाला आपल्या मराठीत सर्वांत कठीण काय वाटत असेल? 'ळ' आणि 'ण' त्याच्या जिभेला जड जातात, तीन लिंगे त्याला छळतात. पण ती सवयीने येतात. खरी अडचण 'तू' आणि 'तुम्ही' यांची आहे. कन्नडमध्ये 'नीनु' आणि 'नीवु', तेलुगूत 'नुव्वु' आणि 'मीरु'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्या गावगाड्यात सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचे सात वर्षांचे पोर 'अरे तुरे' करत असे आणि म्हातारा त्या पोराला 'जी' म्हणत असे. हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. हे कळायला जात कळावी लागते. इंग्रजीचा 'यू' आपल्या लोकांना म्हणूनच आवडला. साहेबही 'यू' आणि शिपाईही 'यू'.

पण हाच 'यू' न्यायालयात आपले नुकसान करतो. मी वकील आहे, म्हणून हा मुद्दा सविस्तर मांडतो. महाराष्ट्रात जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीच आहे. समजा, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात कन्नड बोलणाऱ्या आपल्या एका भगिनीला भर चौकात जातीवरून अपमानित केले. ती घडलेले कन्नडमध्ये सांगणार, पोलीस ते मराठीत लिहिणार आणि अपिलाच्या वेळी त्याचे इंग्रजी होणार. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमानाचा हेतू आणि जातीवाचक उल्लेख यांना महत्त्व आहे. म्हणजे काय शब्द वापरले, कोणत्या सुरात, कोणासमोर, यावर सारी केस उभी असते. फिर्यादीत नुसते 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढेच आले, की आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "नेमके शब्द कोणते?" आणि इंग्रजीत 'घाणेरड्या भाषेत बोलला' एवढे सपाट वाक्य उरले, की त्या 'तू'मधली जात पुसली जाते. न्यायाधीशांसमोर पोहोचते ते दोन माणसांचे साधे भांडण.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आपल्या पक्षकाराचा मुंबईचा फेरा वाचला, ही मोठी सोय झाली. प्रवासाचे अंतर कमी झाले, पण भाषेचे अंतर तेवढेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून भाषांतरासाठी 'सुवास' ही संगणक प्रणाली वापरात आणली. यंत्राने निकालपत्राचे भाषांतर होईल, चौकातल्या 'ए, तू'चे होणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आजपासून कराव्यात. फिर्याद लिहिताना पीडिताच्या तोंडचे शब्द, मग ते कन्नड असोत, तेलुगू असोत की उर्दू, जसेच्या तसे देवनागरीत अवतरणात लिहून घ्यायला लावावेत आणि त्यापुढे मराठी अर्थ द्यावा. सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून दाखवण्याचा हट्ट धरावा. साक्षीदार वेगळ्या भाषेत बोलत असेल तर त्याची साक्ष कशी नोंदवायची, आणि आरोपीला ती त्याला समजणाऱ्या भाषेत कशी सांगायची, याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१२ आणि ३१४ मध्ये आहे. ती वापरा. आपल्या वस्त्यांतल्या दोन-तीन भाषा बोलणाऱ्या शिकलेल्या मुला-मुलींनी न्यायालयीन भाषांतराचे काम शिकावे. सोलापूरइतकी अशी मुले-मुली थोड्याच शहरांत सापडतील.

दुसरे, परदेशी भाषांची भीती टाका. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिथे भाषा आलेला पुढे जाणार. बार्टीने जर्मन आणि जपानीचे मोफत वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी चालवावेत, अशी मागणी आपण लेखी लावून धरली पाहिजे. ती मागणी करताना ७०० तास आणि ११०० तासांचा हिशोब सोबत जोडावा. म्हणजे तीन महिन्यांचा वर्ग उरकून प्रमाणपत्र वाटण्याचा कार्यक्रम कोणाला करता येणार नाही.

तिसरे, पालीचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण त्रिसरण-पंचशील रोज म्हणतो, पण म्हणणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना त्यातील शब्दांचा अर्थ सांगता येईल? पाली देवनागरीत वाचता येते आणि तिचे कितीतरी शब्द मराठीच्या कानाला ओळखीचे आहेत. इंग्रजी माणसाला ती दूरची असेल, आपल्याला ती दाराशी आहे. प्रत्येक विहारात रविवारी एक तास पालीचा ठेवला, तर वर्षाचे ५० तास होतात. सुरुवात करायला तेवढे पुरे आहेत, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.