मेंदूंतील गळूं आणि घरची संमति

घरांत शस्त्रक्रियेची गोष्ट निघतांच आम्ही वडीलधारीं माणसें प्रथम ‘नको’ म्हणतों. १८७६ सालीं ग्लासगो येथें असेंच झालें. शस्त्रवैद्य विल्यम मॅकइवेन यांनीं एका मुलाच्या मेंदूंतील गळवाची जागा अचूक ओळखली; परंतु कवटी उघडण्यास संमति मिळाली नाहीं. मुलगा दगावला, आणि शवपरीक्षेंत गळूं सांगितल्या जागींच सांपडलें! पुढें १८९३ सालच्या त्यांच्या ग्रंथांत शस्त्रक्रिया केलेल्या अशा १९ रोग्यांपैकीं १८ वांचल्याची नोंद आहे.

आज मार्ग मुख्यत्वें दोन. एक, कवटीस लहान छिद्र पाडून सुईनें पू ओढून घेणें. गळूं खोल असतां हाच बरा, कारण मेंदूस इजा कमी होते. मात्र पू पुनः सांचल्यास सुईहि पुनः घालावी लागते. दुसरा, कवटी उघडून गळूं वेष्टनासह काढणें. तें वरच्या भागांत असेल, अथवा आंत कप्पे किंवा बाहेरची वस्तु असेल, तर हा योग्य. दोहोंनंतरहि कित्येक आठवडे औषध चालतेंच.

वाहता कान हें ह्या गळवाचें जुनें मूळ. त्यासवें ताप, वांति व तीव्र डोकेदुखी दिसल्यास विलंब करूं नये. आणि वेळ आलीच तर संमतीसहि करूं नये, इतकेंच आमचें सांगणें.